भरलेल्या दाताचा सांधा

दात एकदा भरून घेतला म्हणजे त्या दातापुरता मामला कायमचा निकालात निघाला, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. आणि सात-आठ वर्षांनी त्याच दातात पुन्हा ठणका उठला, म्हणजे दंतवैद्याच्या हाताला तरी, नाहीतर भरलेल्या सिमेंटच्या प्रतीला तरी बोल लावून आपण मोकळे होतो. परंतु असा दात उघडून पाहिला असता पुष्कळदा असे आढळते की, भरण आपल्या जागी शाबूत आहे, दाताची भिंतही बव्हंशी शाबूत आहे, आणि बिघाड झाला आहे तो या दोहोंच्या मधल्या, केसाहून कितीतरी बारीक अशा सांध्यात. जुन्या दगडी भिंतीत पावसाचे पाणी दगडातून न मुरता दरजेतून मुरते, तसाच हा प्रकार आहे. दंतवैद्यकात या विकाराला दुय्यम कीड म्हणतात. जुनी भरणे उकरून पुन्हा बसविण्यात दंतवैद्यांचा जो फार मोठा वेळ खर्ची पडतो, त्याचे एक मुख्य कारण ही दुय्यम कीडच होय. प्रत्येक खेपेस खड्डा थोडा मोठा होतो, निरोगी दाताचाही काही भाग त्याबरोबर जातो, आणि अशी दोन-तीन आवर्तने झाली म्हणजे रूट कॅनाल, मग टोपी, आणि शेवटी दात काढणे, या पायऱ्या ओळीने येतात.

म्हणून ज्या भरणाने केवळ खड्डा बुजवावा एवढीच अपेक्षा वैद्यकाने दीर्घकाळ धरली, त्यानेच आपल्या कडेचा बंदोबस्तही ठेवावा, त्यासाठी त्याच्या अंगातच जंतूंना मारक असे अतिसूक्ष्म कण घालावेत, ही कल्पना मला मूलतः यथार्थ वाटते. तिच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही पुढे आले आहे, त्याची रुजवात घालण्याचा या प्रकरणात विचार आहे.

दाताला कीड लागते म्हणजे खरोखरच एखादा किडा आत शिरून दात पोखरतो, ही समजूत बाबिलोनियातील मृत्तिकालेखांइतकी प्राचीन आहे; आणि रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन दातातील किडे पाडण्याचा इलाज आपल्याकडील खेड्यांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. या समजुतीला शास्त्रीय उत्तर मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये, कॉखच्या जंतुशास्त्राच्या छायेत काम करून, १८९० साली असे प्रतिपादन केले की, तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्ट आणि शर्करा यांचे किण्वन करून आम्ल निर्माण करतात, आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळविते. १९२४ साली क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने किडलेल्या दातांतून एक साखळीसारखा वाढणारा जंतू वेगळा केला व त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असे नाव दिले. हा जंतू साखरेपासून एक चिकट द्रव्य बनवून दाताला घट्ट धरून बसतो, त्याच्या आसऱ्याने इतर जंतू गोळा होतात, आणि जिला आपण दातावरची कीट म्हणतो ती पातळ पण चिवट अशी वसाहत तयार होते. तिच्या खाली पीएच साडेपाचच्या आसपास उतरला की दाताचे बाह्य कवच झिजू लागते. लाळेने आम्ल धुतले गेले व पीएच पुन्हा वर गेला की गेलेल्या खनिजापैकी काही परत बसते. दाताच्या पृष्ठभागावर ही देवघेव दिवसभर अखंड चालू असते, आणि सांध्याचे दुर्दैव हे की, तेथे आम्ल पोचते, परंतु लाळ आणि ब्रश ही दोन्ही पोचत नाहीत.

आता भरणाच्या द्रव्याकडे वळू. ज्याला आपले रुग्ण चांदी म्हणत आले, ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथील व तांबे यांचा कीस आणि पारा यांचा मेळ असून, वजनाने जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचा असतो. १८२६ साली पॅरिसमध्ये तावो याने ते वापरात आणले. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी ते अमेरिकेत नेले. आणि तेथे त्यावरून एवढे रण माजले की, १८४५ साली अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संस्थेने अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा आपल्या सभासदांकडून लिहून घेतली. त्या वादात संस्थाच १८५६ मध्ये बुडाली, अमाल्गम मात्र टिकले. पुढे १८९५ साली जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याच्या घटकांचे प्रमाण बसवून दिले आणि त्याची प्रतिष्ठा कायम झाली. या काळ्या, कुरूप पदार्थाचा एक गुण असा होता की, बसविल्यानंतर काही काळाने त्याच्या कडा गंजत, आणि तो गंजच सांध्यात साचून फट बुजवीत असे. शिवाय त्यातून झिरपणारे धातूंचे अंश जंतूंना मानवत नसत. दीड शतक आपण ज्या पदार्थाला निव्वळ गुळगुळीत बूच समजत होतो, तो नकळत थोडाफार औषधाचेही काम करीत होता. पाऱ्याचा दोष अर्थातच गंभीर आहे, आणि मिनामाता करारान्वये त्याच्या वापरावर जे निर्बंध आले ते मला सर्वथा रास्त वाटतात. हा करार २०१३ साली संमत झाला, २०१७ पासून अंमलात आला, व भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम अपवाद वगळता बंदच केले. मात्र पारा घालविताना त्याच्यासोबत आपण नेमके काय घालविले, याचाही तपशील मांडून ठेवला पाहिजे.

त्याच्या जागी आले ते काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची राळ. मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले की, दाताच्या कवचावर फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट लावले असता त्याला असंख्य सूक्ष्म खाचा पडतात व राळ त्यांत रुतून बसते. आणि १९६२ साली राफेल बोवेन यांना बिस-जीएमए या राळेचे एकस्व मिळाले. आज कोणत्याही शहरातील दवाखान्यात खुर्चीवर बसले की हाच विधी बहुतेक जसाच्या तसा दिसतो. किडलेला भाग कोरून काढल्यावर खड्ड्यात निळी आम्लाची जेल लावतात, ती पाण्याने धुतात, हवेच्या फुंकरीने जादा पाणी उडवितात, मग नखाएवढ्या कुंचल्याने चिकटद्रव्याचा पातळ लेप देतात आणि त्यावर निळा प्रकाश धरतात. पुढे पिठीसारखी मऊ राळ दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी दाबून, प्रत्येक थर त्याच प्रकाशाने कठीण केला जातो. कठीण होताना ही राळ आक्रसते. आक्रस घनफळाच्या दोन-तीन टक्क्यांचाच असतो, पण खड्ड्याच्या चारी भिंतींना चिकटलेले द्रव्य आक्रसले म्हणजे कोठेतरी त्याला भिंत सोडावी लागते, आणि जंतूला तेवढी वाट पुरेशी असते.

या दोन द्रव्यांची प्रत्यक्ष तुलना लिस्बन येथे झाली. कासा पिया या शाळासमूहातील आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या दाढांत १,७४८ भरणे घातली गेली, त्यांपैकी काही अमाल्गमची आणि काही काँपोझिटची. कोणाला कोणते द्रव्य मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरविण्यात आले होते, आणि पाहणी सात वर्षांपर्यंत चालली. २००७ साली जो निकाल प्रसिद्ध झाला, त्यानुसार अमाल्गमची ९४.४ टक्के भरणे टिकली आणि काँपोझिटची ८५.५ टक्के. याहून बोलका आकडा दुसराच आहे: काँपोझिटच्या कडेला दुय्यम कीड लागण्याचा धोका साडेतीन पट अधिक आढळला. तशीच मुले, तीच शाळा, तेच अन्न. फरक होता तो द्रव्याचा. या अभ्यासाचा मी वारंवार आधार घेतो, कारण पुढे वर्णिलेल्या सर्व प्रयत्नांची सनद त्यात आहे.

फरक पडण्याची कारणे हळूहळू उलगडली. राळेवर जंतूंची कीट अधिक साचते. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी असेही दाखविले की, लाळेतील आणि खुद्द स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्समधील एस्टरेझ जातीची विकरे राळेतील बंध तोडू शकतात, म्हणजे जंतू सांध्यात नुसता वास करीत नाही, तो सांधा कुरतडतो. दाताच्या आतील दंतिन या थरात तर आणखी एक अंतर्गत शत्रू दडलेला असतो: आम्लाने उघड्या पडलेल्या कोलॅजेनच्या धाग्यांना पचविणारी विकरे दंतिनातच सुप्त असतात, आणि चिकटद्रव्य ज्या ज्या ठिकाणी पुरते मुरले नाही, त्या त्या ठिकाणी ती जागी होऊन आपल्याच दाताचा पाया पोखरतात.

यावर पहिला महत्त्वाचा उपाय ओसाका विद्यापीठात निघाला. सातोशी इमाझातो यांनी १९९४ साली एमडीपीबी नावाचा रेणू मांडला, त्याची रचना मोठी विचारपूर्वक होती. त्याच्या एका टोकाला धन विद्युत्‌भार असलेला जंतुमारक भाग, आणि दुसऱ्या टोकाला राळेच्या साखळीत गुंफला जाणारा भाग. जोवर चिकटद्रव्य ओले आहे तोवर हा रेणू मोकळा फिरतो व खड्ड्यात उरलेल्या जंतूंना मारतो. प्रकाश पडून ते कठीण झाले की रेणू जागच्या जागी बांधला जातो, आणि त्यानंतर जो जंतू पृष्ठभागाला येऊन भिडेल त्याच्याशीच त्याचा संबंध येतो. जंतूचे आवरण ऋण विद्युत्‌भाराचे असल्यामुळे ते या धन टोकांकडे ओढले जाते व फाटते. हे द्रव्य पुढे जपानमध्ये बाजारातील चिकटद्रव्यातही आले. झिरपून संपणाऱ्या औषधापेक्षा जागेवर राहून स्पर्शाने मारणारे औषध श्रेष्ठ, हे तत्त्व येथे प्रथम नीट मांडले गेले, आणि माझ्या मते या सबंध क्षेत्रातील ते सर्वांत मोलाचे तत्त्व आहे.

त्यानंतर पाळी आली कणांची. अब्जांश, अर्थात नॅनो, हे परिमाण मीटरच्या एक अब्जांश भागाचे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा व्यास सुमारे ५०० ते ७५० अब्जांश मीटर भरतो. एक सेंटिमीटरचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० अब्जांश मीटरचे घन केले तर तेच पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते, आणि वस्तूचे वजन गुंजभरही वाढत नाही. जंतूंशी जे काही घडते ते पृष्ठभागावर घडते. म्हणून द्रव्य इतके बारीक केले की त्याची अगदी अल्प मात्रा पुरते, आणि राळेच्या बळकटीला धक्का न लावता ती मिसळता येते.

रुप्याचा जंतुघ्न गुण वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. लाइप्झिगमध्ये क्रेडे यांनी १८८१ च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून जन्मताना लागणाऱ्या नेत्ररोगाला आळा घातला. बॉस्टनचे पर्सी हाव यांनी १९१७ साली किडलेल्या दंतिनावर त्याच क्षाराचे अमोनियायुक्त द्रावण वापरले. आणि जपानमध्ये १९७० पासून सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध मुलांच्या किडलेल्या दातांवर लावले जाऊ लागले. ते कीड थांबविते, पण दात शाईसारखा काळा करते, आणि पुढच्या दातांच्या बाबतीत ही गोष्ट आई-बापांना सहसा मंजूर होत नाही. मेरीलँड विद्यापीठात हॉकिन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, त्यात रूप्याचे कण सुमारे २.७ अब्जांश मीटरचे होते, म्हणजे जंतूच्या अंगावर ओळीने मांडायचे तर दोनशेच्या आसपास लागतील. ते कुटून वा दळून मिळत नाहीत. रुप्याचा एक क्षार ओल्या राळेतच विरघळवितात, आणि राळ कठीण होत असताना तिच्या पोटात हे कण आपोआप जन्म घेतात. त्यामुळे ते गुठळ्या करून बसत नाहीत, सर्वत्र सारखे विखुरतात. मात्रा वजनाच्या हजार भागांत एका भागाहूनही कमी. या कणांतून सुटणारे रूप्याचे आयन जंतूंच्या विकरांतील गंधकयुक्त जागा पकडतात, आवरण दुबळे करतात, आणि जननद्रव्याच्या प्रतिलेखनात अडथळा आणतात. दंतिनातील नलिकांचा व्यास एक-दोन सहस्रांश मिलिमीटर असल्यामुळे असे कण चिकटद्रव्याबरोबर त्या नलिकांतही शिरू शकतात, जेथे दंतवैद्याची सुई पोचत नाही. म्हणूनच रुपे घालायचे तर ते वरच्या भरणात घालण्यापेक्षा खालच्या चिकट लेपात घालावे, असे माझे मत आहे. तेथे त्याचा रंगही दिसत नाही आणि सांधाही तेथेच असतो.

जस्ताच्या व टायटेनियमच्या ऑक्साइडांवरही पुष्कळ काम झाले आहे, पण टायटेनियमचा कण आपले खरे सामर्थ्य प्रकाश पडल्यावर दाखवितो, आणि दाढेच्या सांध्यात प्रकाश कोठला? याहून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील नुरित बेथ व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मला विशेष वाटते. पॉलिएथिलीनइमीन या बहुवारिकाचे धन विद्युत्‌भाराचे अब्जांश कण त्यांनी राळेत एक टक्का या प्रमाणात मिसळले, आणि २०१० साली प्रयोगशाळेची हद्द ओलांडून स्वयंसेवकांच्या तोंडात चार तास तशा राळेचे तुकडे बसवून पाहिले. कण असलेल्या तुकड्यांवरील कीट पातळ होती आणि तीत मृत जंतूंचे प्रमाण अधिक होते. जेथे कणांचा स्पर्श पोचणे शक्य नव्हते त्या वरच्या थरांतही जंतू मेलेले आढळले, यावरून मरणाऱ्या जंतूंकडून शेजाऱ्यांना काही संकेत जात असावा, असा तर्क संशोधकांनी केला.

आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते लहानही नाहीत. तोंडात ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल चढते. स्पर्शाने मारणाऱ्या पृष्ठभागाला पहिला अडसर तोच, आणि दुसरा अडसर म्हणजे खुद्द मेलेल्या जंतूंचा थर. झिरपणाऱ्या रुप्याचा साठा संपणारा आहे. १९७५ साली बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात रुप्याला न जुमानणारा साल्मोनेला जंतू सापडला होता, तेव्हा रुपे कितीही सनातन असले तरी जंतू त्याला पुरून उरू शकतात हे सिद्धच आहे. जुने भरण उकरताना उडणाऱ्या धुळीत हे कण असतात, आणि ती धूळ दंतवैद्य व त्यांच्या साहाय्यकांच्या श्वासात रोज जाते, हा प्रश्न मुखवटे आणि जोरदार शोषणयंत्रे यांच्या तजविजीशिवाय सुटणारा नाही. शिवाय तोंडातील शेकडो जातींच्या जंतूंपैकी पुष्कळसे आपले हितकर्तेच असतात; सरसकट संहार हा ध्येय म्हणून मला मान्य नाही.

याच कारणासाठी मेरीलँडच्या त्याच संशोधकांनी रूप्याच्या जोडीला घातलेला दुसरा कण, म्हणजे अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेटचा सुमारे ११६ अब्जांश मीटरचा कण, मला अधिक आशादायक वाटतो. तो कोणाला मारीत नाही. आसपास आम्ल वाढले की तो विरघळतो, त्या आम्लाचे शमन करतो, आणि दाताला हवे असलेले कॅल्शियम व फॉस्फेट त्याच ठिकाणी सोडतो. प्रयोगात पीएच ४ असलेले लॅक्टिक आम्लाचे द्रावण अशा राळेच्या सहवासात काही मिनिटांत साडेपाचच्या वर चढले. तोटा आम्लाने होतो आणि भरपाईही आम्लच सुरू करते, अशी ही योजना दाताच्या स्वाभाविक देवघेवीशी सुसंगत आहे.

तरीही प्रत्यक्ष रुग्णांवरील पुराव्याचा मुद्दा उरतोच. काँपोझिटमध्ये जंतुनाशक द्रव्य घातल्याने कीड टळते काय, याचा कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी २०१३ साली शोध घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांस उतरणारी एकही रुग्णचाचणी त्यांना मिळाली नाही. काचेच्या बशीतील प्रयोगांचे मात्र ढीग होते. बशीत दोन दिवस वाढविलेली एका जातीच्या जंतूची कीट मारून दाखविणे आणि तोंडातला सांधा सात वर्षे राखणे, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. ते कापण्याची सुरुवात, माझ्या मते, ज्यांना दुय्यम कीड सर्वांत लवकर लागते त्या रुग्णांपासून व्हावी. आपल्याकडे तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग झालेले, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी किरणोपचार घेतलेले रुग्ण पुष्कळ आहेत. किरणांनी लाळग्रंथी निकामी होऊन तोंड कोरडे पडते, दातांच्या मानेभोवती काही महिन्यांतच कीड धरते, आणि मुळाजवळचा हा भाग पीएच सहाच्या वर असतानाच झिजू लागत असल्याने तेथले भरण फार लवकर सुटते. सात वर्षे वाट पाहण्याचे तेथे कारण नाही, दोन वर्षांत निकाल हाती येईल. अशा रुग्णाच्या एका दातात कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांचे भरण घालावे, त्याच तोंडातील जोडीच्या दातात कणांवाचून घालावे, कोणते कोठे हे तपासणाऱ्याला सांगू नये, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही सांधे उजेडात, भिंगाखाली पाहून त्यांची नोंद करावी.